व्हेंटिलेटरवर असताना मला काय काय कळत होतं

लेप्टोतून, म्हंजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापातून, उठल्यापासून बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाकार्यात जो भेटतो तो हेच विचारतो की व्हेंटिलेटरवर होतीस तेव्हा काय कळत होतं का गो, आणि उत्तर पण स्वतःच देऊन टाकतो की बरं झालं, कायच कळलं नसेल, झोपेतच होतीस. मी मान हलवते, रस्त्यात उभं राहून काय सांगणार. पण मला कळत होतं. उलटंसुलटं कळत होतं, पण सतत कळत होतं, आणि जे कळत होतं ते इतकं भयंकर होतं की आजाराचा त्रास त्यापुढे मला आठवत पण नाही. ज्यांचं माणूस आत्ता आत आहे आणि जे बाहेर बाकड्यावर बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आमच्या घरच्यांना तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरंच सोपं गेलं असतं.

आजाराचं थोडक्यात सांगते. आमचं गाव कुडाळपासून आत, मी पतसंस्थेत काम करते, पण जुलैत लावणीला सगळं घर चिखलात उतरतं तशी मी पण रजा टाकून उतरते. लेप्टोचे जंतू उंदराच्या नाहीतर गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाला भेगा, चिरा असल्या की तिथून आत शिरतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांना पण माहीत असतं. ताप यायला साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात, म्हंजे कुणगे (भाताची छोटी शेतं) लावून संपत आले की माणसं आजारी पडायला लागतात. मला आधी थंडी वाजून ताप, मग पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की गोधडीचा भार सहन होईना, डोळे लालबुंद पण चिपडं अजिबात नाहीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी पोटऱ्या दाबल्या, डोळे बघितले, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी औषध सुरू केलं. तरी काही जणांत तो वाढतोच. माझे डोळे पिवळे झाले, लघवी होईना, मग खोकल्यातून रक्त यायला लागलं आणि श्वास पुरेना. लेप्टो फुप्फुसात गेला की आत रक्त झिरपतं आणि मग तासांचा खेळ असतो. ओरोसला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून ठेवलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सने गोव्यात हलवलं, आमच्याकडचे सिरीयस पेशंट बहुतेक कोल्हापूरला नाहीतर गोव्यातच जातात. बांदा गेलं, पत्रादेवीचा नाका आला, ह्यांनी एका हाताने माझा मास्क धरलेला, इथपर्यंत खरं आठवतं. पुढचं जे आठवतं ते खरं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

मी ट्रॉलरच्या खणात होते. मासे ठेवायला खाली बर्फाचा खण असतो ना, त्यात. भयानक थंडी, वर पिवळट दिवा, एकसारखी घरघर म्हंजे इंजिन, आणि मधेच टीं टीं करत काहीतरी वाजायचं. माझे हात बांधलेले. प्लॅस्टिकचे ॲप्रन आणि हातमोजे घातलेली माणसं यायची, मला कुशीवर करायची, काहीतरी कापायची, लाल पाणी नळ्यांमधून कुठेतरी जायचं. मला पक्कं माहीत होतं की ही बोट बेकायदा बाहेर काढलेली आहे कारण बंदी चालू आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि मला तारीख माहीत नसली तरी जुलै आहे हे डोक्यात होतं, म्हणून हे सगळं चोरून चाललंय आणि मी ते बघितलंय म्हणून मला सोडणार नाहीत असा सगळा हिशोब मी नीट लावलेला होता. लोकांना वाटतं भ्रम म्हणजे स्वप्नासारखं धूसर असतं. तसं नसतं. माझ्या लग्नाचा दिवस मला इतका स्पष्ट आठवत नाही जितका तो खण आठवतो, त्याच्या कडेला साचलेलं पाणी सुद्धा.

आता मागे वळून बघितलं की प्रत्येक गोष्टीचं मूळ सापडतं. थंडी म्हंजे एसी आणि अंगावर पातळ चादर. इंजिन म्हंजे व्हेंटिलेटर. लाल पाणी म्हंजे डायलिसिस, माझ्या किडन्या बंद पडल्या होत्या. हात बांधले होते ते मी घशातली नळी उपटू नये म्हणून, मऊ पट्टीने, खाटेच्या दांड्याला. म्हणजे मेंदू काही हवेतून गोष्टी आणत नव्हता. जे तुकडे हाताला लागत होते, आवाज, थंडी, उजेड, अर्धवट ऐकलेली वाक्यं, त्याचीच तो गोष्ट बनवत होता. आणि तुकडे भीतीचेच मिळत होते म्हणून गोष्ट भीतीची होत होती. एकदा माझ्या खाटेजवळ उभं राहून कुणीतरी दुसऱ्याला म्हणालं की ह्या बेडचं काय खरं वाटत नाही, उद्या दुसरा पेशंट घ्यायचाय. कोण होतं माहीत नाही, कुठल्या पेशंटबद्दल होतं ते पण माहीत नाही. पण मी ते ऐकलं, आणि माझ्या गोष्टीत उद्या मला पाण्यात टाकणार हे ठरलं. त्या रात्री मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात घाबरले नाही. पेशंटच्या डोक्यावरून असं बोलणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की बोलू नका हो. डोळे मिटलेले असले तरी कान चालू असतात.

अजून एक सांगते. एक तरुण डॉक्टर रोज यायचा, माझ्या हातात हात द्यायचा आणि इंग्लिश अक्षरं एकेक करून म्हणायचा, आणि सांगायचा की ए ऐकलं की हात दाबा. ही आयसीयूतली ठरलेली तपासणी आहे, पेशंटचं लक्ष टिकतंय का, भ्रम आहे का ते बघायची, २००१ मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बसवलेली, आणि नळीमुळे बोलता न येणाऱ्या पेशंटसाठीच ती बनवलीय. हे आता माहीत आहे. तेव्हा माझ्या दृष्टीने तो लिलाव होता, हात दाबला की सौदा मान्य. म्हणून मी जीव गेला तरी हात दाबत नव्हते. तो बिचारा रोज काहीतरी लिहून जायचा आणि मला वाटायचं भाव लिहितोय. कागदावर ते नक्की भ्रम म्हणूनच गेलं असणार आणि ते बरोबरच होतं, पण मी आतून किती लक्ष देऊन ऐकत होते ते त्याला कसं दिसणार.

नर्सबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सक्शन नावाचा प्रकार ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. नळीत कफ साचतो तो काढायला आत दुसरी बारीक नळी घालतात आणि मशीनने ओढतात. त्या वेळात श्वास नाही. छातीच्या तळापासून कुणीतरी काथ्याचा दोर खेचून काढतंय असं वाटतं, डोळ्यातून पाणी, सगळं अंग खाटेवरून उचललं जातं, आणि ओरडावं म्हटलं तर आवाजच नाही, कारण नळी स्वरयंत्रामधून गेलेली असते. हे दिवसातून कितीतरी वेळा. करणारे सगळेच आपलं काम करत होते, पण एक सिस्टर होती, केरळची असावी बोलण्यावरून, ती मोडक्या मराठी-हिंदीत आधी सांगायची, ताई, आता कफ काढते, खोकला येणार, मी पाच मोजणार, पाचला बंद. आणि खरंच मोठ्याने मोजायची, एक, दो, तीन, आणि पाचला थांबायचीच. मग कपाळावर हात ठेवायची, ओल्या गॉजने ओठ पुसायची. बाकीच्यांच्या सक्शनला मी मेले असं वाटायचं आणि हिच्या वेळी पाचपर्यंत जगायचं असतं हे माहीत असायचं. त्रास तेवढाच होता, पण कधी संपणार ते कळत होतं. त्या बोटीवर माझ्या बाजूचं असं एकच माणूस होतं, आणि अजून मी तिचं नाव पण विचारू शकले नाही ह्याची हळहळ आहे.

तहानेबद्दल कुणी बोलत नाही. सलाइनने अंगात पाणी जात असतं, पण तोंडाला ते कळत नाही. जीभ टाळूला चिकटलेली, आणि बाहेर पाऊस कोसळतोय त्याचा आवाज येतोय. मला आमच्या विहिरीचं पाणी दिसायचं, नुसतं पाणी, बाकी काहीच नाही.

फरक कधी पडला ते सांगते. आत एका वेळी एकालाच थोडा वेळ सोडायचे. हे यायचे, हात धरून उभे राहायचे आणि रडू आवरायचं म्हणून काहीच बोलायचे नाहीत, आणि मला वाटायचं हे पण त्यांना सामील आहेत, मला विकलंय. मग माझी मोठी नणंद आली, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती अंगणवाडीत होती, पोरांशी बोलायची सवय. तिने कानाशी तोंड आणून सरळ सांगायला सुरुवात केली, "ऐक गो बाय. तू हास्पिटलात आसस. तुका लेप्टो झालो हा. घशात नळी आसा म्हणान बोलाक येणा नाय, नळी काढली की आवाज परत येतलो. हात बांधलेत ते तू नळी ओढशीत म्हणान. आज बुधवार. भायर पाऊस आसा. चेडू माझ्याकडे आसा, जेवली." चेडू म्हंजे आमची लेक. आणि मग परत पहिल्यापासून तेच. रोज तेच, त्याच क्रमाने, फक्त वार बदलायचा. पहिल्यांदा मला वाटलं हिला पढवलंय. पण रोज तेच ऐकून ऐकून कधीतरी बोटीच्या भिंतीला खिडकी दिसायला लागली, घड्याळ दिसलं. आधी बोट पण होती आणि हॉस्पिटल पण होतं, दोन्ही एकदम. मग हॉस्पिटल वाढत गेलं. अक्काने माझा चष्मा पण मागून घेतला आणि घातला. इतके दिवस मी चष्म्याशिवाय पडलेली, लांबची माणसं मला नुसती ठिपक्यासारखी दिसत होती, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण बेशुद्ध माणसाला चष्मा कशाला.

घरी आल्यावर ह्याच्यावर वाचायला लागले तेव्हा कळलं की ह्याला डेलिरियम म्हणतात आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधे दहातल्या सहा ते आठ जणांना तो होऊ शकतो. जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी पडणं, किडनी बंद म्हणून रक्तात साचलेली घाण, झोपेची औषधं, खास करून मिडॅझोलॅमसारखी, रात्रंदिवस दिवे चालू असल्यामुळे मोडलेली झोप, सगळं मिळून होतं. म्हणजे मी वेडी झाले नव्हते, कुणी करणी केली नव्हती (गावात हे पण बोलून झालं, आणि एकाने देवाला कौल लावा म्हणून पण सुचवलं), आणि मी मनाने कमकुवत पण नव्हते. किडनी बंद पडते तसा मेंदू काही काळ बिघडतो. आणि जे पेशंट आरडाओरडा करतात त्यांचा भ्रम निदान दिसतो तरी, माझ्यासारखे जे गप्प पडून राहतात त्यांचा बरेचदा कुणाच्या लक्षातच येत नाही, शांत आहे म्हणतात.

बोलता येत नाही तर करायचं काय, ह्यावर आमच्या लेकीने काढलेली युक्ती सांगते. आधी तिने पुठ्ठ्यावर सगळी मुळाक्षरं लिहून आणली, मी बोट दाखवायचं आणि तिने शब्द जुळवायचा. ते जमलंच नाही. एवढी अक्षरं, त्यात काना मात्रा वेलांटी, माझं बोट थरथरायचं आणि दुसऱ्या अक्षरालाच मी थकायचे, रडायला यायचं. मग तिने पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मोठी मोठी चित्रं काढली. पाणी, दुखतंय, कफ काढा, कूस बदला, थंडी वाजते, खाज येते, घरचे कुठे आहेत. आणि खाली मोठ्या अक्षरात हो आणि नाही. हे चाललं. मी पहिलं बोट ठेवलं ते थंडीवर, आणि दोन मिनिटांत ब्लँकेट आलं. मी सांगितलेलं कुणीतरी ऐकलं आणि त्यामुळे काहीतरी घडलं ही गोष्ट मला त्या दिवशी औषधापेक्षा मोठी वाटली. ज्यांना जमेल त्यांनी असा पुठ्ठा करून न्या, सिस्टरना विचारून खाटेला अडकवा.

व्हेंटिलेटर कुठून आला हे पण मी वाचलं. १९५२ मधे कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू गेलेले पेशंट, मशीन जेमतेम. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यायची असं केलं, आणि ती पिशवी दाबायला सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले, आठवडेच्या आठवडे. आयसीयू ही कल्पनाच त्यातून निघाली. मला हे वाचून फार भरून आलं. तेव्हा प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक माणूस बसलेला असायचा, त्याचा हात थांबला तर पेशंटचा श्वास थांबणार होता. मशीनने आमचे जीव वाचवले, माझा तर नक्कीच वाचवला, त्याबद्दल मी कायमची ऋणी आहे. पण उशाशी ते माणूस असणं ह्याची जागा मशीनला घेता येत नाही, आणि म्हणून घरच्यांना आत थोडा जास्त वेळ सोडा, हे मी प्रत्येक डॉक्टरला हात जोडून सांगेन.

नळी निघाली तेव्हा आवाज घोगरा, एका वेळी दोन शब्द. मला वाटलं आता पाणी पिणार, तर लगेच पाणी नाही. इतके दिवस नळी होती की गिळणं बिघडतं, पातळ पाणी चुकून श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून आधी गिळता येतंय का ते बघितलं आणि चमच्या चमच्याने घट्ट पदार्थ सुरू केले. अक्काने विचारून आटवल, म्हंजे मऊ भात, करून आणली, मिठाची, बाकी काही नाही. दोन चमचे खाल्ले आणि दमून झोपले. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, केस बाजूला करायला पण सिस्टरना सांगावं लागायचं. कुशीवर वळणं, बसणं, पाय खाली सोडून बसणं, धरून उभं राहणं, एकेक गोष्ट परत शिकवली. घरी आले तर खळ्यातून पडवीत चढायच्या तीन पायऱ्या मला चढता येईनात, ह्यांनी आणि दिराने खुर्चीत बसवून उचललं. कुडाळहून फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, तिने भाताने भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलायला लावल्या. पुढे दोन-तीन महिन्यांनी केस मूठ मूठ गळले, मोठ्या आजारानंतर ते होतं आणि परत येतात, आलेत.

पण अंग भरून आलं तरी डोकं तिथेच होतं. रात्री फ्रिजची घरघर ऐकून उठायचे. कामावर गेले, आणि कॅशियरच्या नोटा मोजायच्या मशीनने टीं केलं की छातीत धडधड, घाम, एकदा उठून रस्त्यावर येऊन उभी राहिले. मेन म्हंजे मला वेळेचा हिशोब लागत नव्हता. ॲम्ब्युलन्स ते अक्का, मधे सगळी बोट. आणि घरचे म्हणायचे सोड आता, कशाला आठवतेस.

उपयोग झाला तो एका वहीचा. अक्काने खर्चाची वही ठेवली होती, शंभर पानी साधी. औषधं, डायलिसिसचे पैसे, रक्ताच्या पिशव्या, कुणी किती दिले, कुणाचे परत करायचेत. पण तिला लिहायची सवय म्हणून बाजूला एकेक ओळ पण होती. आज ताप उतरला. आज डायलिसिस करताना बीपी पडला, पळापळ झाली. आज डोळे उघडले पण ओळखलं नाही. आज सिस्टरने वेणी घातली. ती वही मी एका दुपारी वाचायला घेतली आणि रात्रीपर्यंत उठले नाही. प्रत्येक ओळीला माझ्याकडे बोटीतला एक तुकडा होता, आणि दोन्ही शेजारी ठेवले की एकेक भीती उलगडत गेली. वेणी घातली त्या दिवशी माझ्या गोष्टीत मला दोराने आवळत होते. नंतर कळलं की डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ह्या देशांत १९८०-९० पासून नर्स आणि घरचे मिळून पेशंटसाठी अशी डायरी लिहितात आणि बरं झाल्यावर त्याच्या हातात देतात, ह्याच्यासाठीच. आमच्या अक्काला ह्यातलं काही माहीत नव्हतं, तिने दिवस विसरू नयेत म्हणून लिहिलं. तुम्ही पण लिहा. तारीख घाला, काय झालं ते एका ओळीत घाला, चांगलं वाईट दोन्ही घाला.

मी शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की आयसीयूतून आल्यावर अंगाचा अशक्तपणा, विसरणं, भीती, उदासी हे सगळं एकत्र येऊ शकतं, त्याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम असं नाव पण आहे. गोळ्या थोडेच दिवस लागल्या, बोलणं जास्त झालं. मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो ह्याचा की हे पेशंटच्या घरच्यांना पण होतं, आणि त्यांना तर कुणी विचारतच नाही. हे सगळं ऐकून मी घरी येऊन ह्यांच्याकडे नीट बघितलं. माणूस रात्री दोनला उठून माझा श्वास चालू आहे का बघतो. फोन वाजला की रंग उडतो. गोव्याच्या रस्त्याला गाडी घालायची म्हटली की काहीतरी कारण काढतो, भाच्याचं लग्न म्हापशाला होतं तरी गेला नाही. सगळे मला विचारत होते तब्येत कशी आहे, आणि बाहेरच्या बाकड्यावर रात्रीच्या रात्री काढलेल्या माणसाला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, मी पण नाही.

ह्या वर्षीची लावणी मजुरांनी आणि दिराने केली, आरोग्य खात्याच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आठवड्याला सगळ्यांनी घेतल्या, आमच्या वाडीत ह्या खेपेला कुणी टाळाटाळ केली नाही. माझं क्रिएटिनिन, म्हंजे किडनीची रक्ततपासणी, आता नॉर्मलला आलंय. पुढच्या महिन्यात परत दाखवायला जायचंय तेव्हा ह्यांची पण वेळ घेतलीय त्याच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. आधी म्हणत होते माका काय झाला हा, आता येतो म्हणालेत.